रोलरचा एक ग्रॅम आणि घाटातले दोनशे फेरे

नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट डबलसीट चढताना ११० सीसीची स्कूटर ओढत नाही, ही तक्रार नाशिकच्या गॅरेजांना नवी नाही, आणि तिच्यावरचा उपायही बहुतेक वेळा ठरलेला असतो : व्हेरिएटरमध्ये, म्हणजे इंजिनाजवळच्या पट्ट्याच्या पुलीत, हलके रोलर (आत सरकणारी छोटी वजने) टाकायचे. हा उपाय कधी अगदी बरोबर ठरतो, तर कधी त्याच रोलरमुळे एरवी गंगापूर रोडवर नीट धावणारी स्कूटर जास्त पेट्रोल पिऊ लागते आणि घाटात मात्र होती तिथेच राहते. याचे कारण असे की ‘ओढत नाही’ या एकाच तक्रारीखाली दोन वेगळे दोष लपलेले असतात. एका दोषात चढावर इंजिनाचा आवाज दबतो, म्हणजे इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे कमी होतात. दुसऱ्यात आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. रोलरचा संबंध मुख्यतः पहिल्याशी आहे.

फेऱ्यांना एवढे महत्त्व का, हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होते. स्कूटर ११० किलोची, वर दोघे मिळून १४० किलो आणि रस्ता असा की १०० मीटर पुढे गेल्यावर ८ मीटर उंची वाढते, असे धरू. ताशी ४० किलोमीटर वेग राखायचा तर निव्वळ वजन वर चढवण्यासाठी सुमारे २.२ किलोवॅट शक्ती लागते. टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध धरून चाकापाशी साधारण ३ किलोवॅट हवेत. शक्ती म्हणजे टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) आणि फेरे यांचा गुणाकार. दर मिनिटाला ४००० फेऱ्यांना इंजिन ८.५ न्यूटन-मीटर टॉर्क देत असेल, तर त्याची शक्ती सुमारे ३.६ किलोवॅट भरते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथील हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ आहे आणि गड त्याहूनही उंच. इंधन किती सोडायचे हे फ्युएल इंजेक्शन जुळवून घेते, पण नसलेली हवा ते आणू शकत नाही. त्यातच पट्टा आणि मागचे गिअर यांच्यात पाचवा हिस्सा उष्णता होऊन गेला, तर चाकापर्यंत जेमतेम २.७ किलोवॅट पोहोचते, म्हणजे गाडी ताशी ४०चा वेग राखू शकत नाही. तेच इंजिन तेवढ्याच टॉर्कने ६००० फेऱ्यांना सुमारे ५.३ किलोवॅट देते आणि सगळे नुकसान सोसून पुरून उरते. गाडी तीच, पेट्रोल तेच. फरक फक्त चढावर इंजिनाला किती फेरे घेऊ दिले जातात याचा आहे.

हे ठरवणारी यंत्रणा म्हणजे पट्ट्यावर चालणारे सतत बदलणारे प्रसारण, ज्याला बोलताना सीव्हीटी म्हणतात. हब व्हान डोर्ने यांच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये ‘व्हेरिओमॅटिक’ नावाने ते लहान मोटारीत आणले, आणि आज रस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक पेट्रोल स्कूटरच्या डाव्या कव्हराखाली त्याचाच धाकटा अवतार बसलेला आहे. क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, पुढची पुली (हाच व्हेरिएटर), मागच्या चाकाजवळ दुसरी पुली, आणि दोन्ही पुली दोन तिरप्या तबकड्यांच्या. तबकड्या जवळ आल्या की पट्टा बाहेरच्या कडेकडे चढतो, लांब गेल्या की आत उतरतो. गाडी सुटताना पट्टा पुढे आत आणि मागे बाहेर असतो, म्हणजे मागच्या पुलीच्या एका फेऱ्यासाठी पुढची सुमारे अडीच फेरे घेते. पूर्ण वेगात हे उलटते आणि पुढच्या पुलीचा एक फेराही पूर्ण लागत नाही.

पुढच्या तबकड्या जवळ आणण्याचे काम सहा रोलर करतात. गोफण जितकी जोरात फिरवावी तितका दगड बाहेर ओढ घेतो, तसे फेरे वाढताच रोलर मध्यापासून बाहेर सरकतात, उतरत्या रॅम्प प्लेटला टेकतात आणि सरकती तबकडी पट्ट्याकडे ढकलतात. हे बल वस्तुमान, त्रिज्या आणि फेऱ्यांचा वर्ग यांवर अवलंबून असते. मध्यापासून ३० मिलिमीटरवर असलेला १५ ग्रॅमचा रोलर ६००० फेऱ्यांना सुमारे १७८ न्यूटनने बाहेर रेटतो. म्हणजे बोटाच्या पेरावर मावणारा हा तुकडा साधारण १८ किलोच्या भाराएवढा जोर लावतो, आणि असे सहा रोलर असतात. आता रोलर १४ ग्रॅमचा केला, तर तेवढेच बल मिळायला सुमारे ६२१० फेरे लागतील. १२ ग्रॅमचा केला, तर ६७००. फेऱ्यांचा वर्ग होत असल्याने वजन २० टक्क्यांनी घटवले तरी फेरे १२ टक्क्यांनीच वाढतात. म्हणून रोलर एका वेळी एकेक ग्रॅमने बदलावेत, आणि अर्धा ग्रॅम हवा असेल, तर तीन रोलर एका वजनाचे आणि तीन दुसऱ्या वजनाचे एकाआड एक बसवावेत, म्हणजे तोल बिघडत नाही.

मागच्या पुलीकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि माझ्या मते घाटातले निम्मे रहस्य तिथेच आहे. त्या पुलीच्या तबकड्या एक जाड स्प्रिंग दाबून धरते. पण त्याहून चतुर भाग म्हणजे टॉर्क कॅम. सरकत्या तबकडीच्या नळीत तिरप्या खाचा असतात आणि त्यांत पिना बसलेल्या असतात. चढ लागला आणि आपण अ‍ॅक्सिलरेटर पिळला की पट्टा तबकडीला पुढे ओढतो, चाक मागे रेटते, तबकडी किंचित पिळली जाते आणि तिरप्या खाचेमुळे ती आपोआप दुसऱ्या तबकडीकडे सरकते. पट्टा मागे वर चढतो, पुढे आत उतरतो, आणि स्कूटर स्वतःच खालच्या गिअरमध्ये येते. चालकाला काहीच करावे लागत नाही. या खाचांतले ग्रीस सुकले किंवा पिनांनी खाचेच्या कडेला खड्डे पाडले, तर तबकडी अडकते आणि चढावर आवाज दबतो. अशा गाडीत हलके रोलर टाकणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि औषध भलतीकडे.

कडक स्प्रिंग टाकण्याची हौस त्याहून महाग पडते. तिने फेरे वाढतात हे खरे, पण पट्टा विनाकारण दाबला जाऊन तापतो, आणि पुढच्या रोलरांना तिच्यावर मात करता आली नाही, तर पट्टा बाहेरच्या कडेपर्यंत पोहोचतच नाही व कमाल वेग कमी होतो. इंजिन मूळचेच असेल, तर मूळची स्प्रिंग पुरेशी असते.

मॉडिफाय केलेल्या इंजिनाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. कॅमशाफ्ट आणि सायलेन्सर बदलून कमाल शक्तीचे ठिकाण ८००० वरून ९००० फेऱ्यांवर नेले असेल, तर १५ ग्रॅमच्या जागी सुमारे १२ ग्रॅमचे रोलर हवेत, नाहीतर वाढलेली शक्ती वापरातच येत नाही. पण नुसते मोठे सिलिंडर बसवून टॉर्क वाढवला असेल, तर तो वाढीव टॉर्क मागचा कॅम जास्त जोराने दाबतो, फेरे आपोआप वर जातात, आणि रोलर हलके नव्हे तर किंचित जडच करावे लागतात. हे ऐकायला उलटे वाटते, म्हणूनच इथे सर्वाधिक पैसे वाया जातात. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलांपासून बदलतील असे फेरफार मालकाला करता येत नाहीत, आणि इंजिनाची क्षमता हा त्यातलाच एक तपशील. मोठ्या सिलिंडरची स्कूटर नाशिकची एमएच-१५ची पाटी लावून रस्त्यावर आणायची गोष्ट नव्हे.

काहीही बदलण्यापूर्वी झीज पाहावी. पट्टा घासून एक-दीड मिलिमीटर अरुंद झाला, की तो दोन्ही पुलींत खोल बसतो आणि वरचा वेग आपोआप घटतो. रोलरवर चपटे पट्टे पडले असतील, तर ते रॅम्पवर अडखळत सरकतात. पट्टा कुठवर चढतो हे पाहायला मार्कर पेन पुरते : पुढच्या पुलीची तबकडी स्वच्छ पुसायची, मध्यापासून कडेपर्यंत तीन-चार सरळ रेघा ओढायच्या, कव्हर लावून मोकळ्या रस्त्यावर पूर्ण वेगाने एक फेरी मारायची आणि पुन्हा उघडायचे. जिथवर शाई पुसली गेली तिथवर पट्टा चढला. कडेला बोटभर शाई शिल्लक असेल, तर पट्टा झिजला आहे, रोलर फार हलके आहेत किंवा स्प्रिंग फार कडक आहे. रोलर जुळले आहेत का हे कानालाही कळते, कारण पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर वेग वाढत असताना इंजिनाचा सूर जवळपास एकाच पट्टीत राहायला हवा. प्लगच्या वायरीवर लावायचा, फेरे मोजणारा छोटा टॅकोमीटर असला, तर हे आकड्यांत दिसते.

क्लचला हात सर्वांत शेवटी लावावा. गाडी एकदा सुटली की तो पूर्ण पकडलेला असतो आणि घाटातल्या ओढीत त्याचा वाटा राहत नाही. अर्थात तो घसरत नसेल तर. मागच्या पुलीबरोबर फिरणारे तीन शू लहान स्प्रिंगांचा ताण मोडून बाहेर फाकतात आणि क्लच आउटरच्या वाटीला आतून धरतात. स्प्रिंग कडक केल्या, तर पकड उशिरा, जास्त फेऱ्यांना बसते, त्यामुळे गाडी उसळून सुटते. पण शू आणि वाटी एकमेकांवर घासण्याचा काळ वाढतो आणि ती सगळी शक्ती उष्णता होते. द्वारका चौकातल्या गर्दीत दर काही मीटरवर थांबत-सुटत जाणाऱ्या गाडीसाठी हा सौदा वाईटच. वाटीच्या आतल्या कडेवर निळसर झाक आली असेल आणि शूचे अस्तर काचेसारखे चकाकत असेल, तर क्लच बराच काळ घसरत होता असे समजावे. आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, ही तक्रार बहुतेकदा इथून किंवा झिजलेल्या पट्ट्यापासून येते. अस्तर शाबूत असेल, तर ते खरकागदाने हलके घासून चकाकी काढता येते. मात्र त्याला तेल लागलेले दिसले, तर आधी गिअरबॉक्सचे ऑइल सील बदलावे, कारण सील गळत असताना टाकलेले नवे शूही थोड्याच दिवसांत तेवढेच घसरू लागतात.