रेप्लिकांकडे वाचन वळवणे

मुख्य डेटाबेस सर्व्हरकडे लेखन ठेवून केवळ वाचणारी कनेक्शन्स त्याच्या रेप्लिकांकडे, म्हणजे सतत अद्ययावत होणाऱ्या प्रतींकडे, पाठवण्याची पद्धत. लिहिणारे मोजके आणि बघणारे हजारो, अशा सेवांना ती मानवते. खानदेशात रावेर-यावलच्या केळीपट्ट्यासाठी भाव दाखवणारे ॲप चालवायचे, तर हेच चित्र दिसेल: भावाची नोंद एकदा होते, बघायला अख्खा तालुका येतो. विद्यापीठाच्या निकालाचा दिवसही त्याच जातीचा.

मुख्य सर्व्हर प्रत्येक बदल आधी आपल्या लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, लिहितो. रेप्लिका तोच लॉग मिळवून बदल स्वतःवर लागू करते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये बदल असे लागू होत असतानाच प्रतीवर क्वेरी, म्हणजे माहितीची विचारणा, करण्याची सोय ९.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून आहे. मात्र प्रत्येक रेप्लिकेला सगळे लेखन पुन्हा करावेच लागते, म्हणून लेखनाचा भार या मार्गाने हलका होत नाही.

कनेक्शन वळवण्याचे काम प्रॉक्सी, म्हणजे मधला मध्यस्थ प्रोग्रॅम, करतो किंवा क्लायंट, म्हणजे डेटाबेसला जोडणारे ॲप, स्वतः. क्लायंट वापरतो त्या पोस्टग्रेसच्या लिबपीक्यू लायब्ररीत कनेक्शनच्या ओळीतच अनेक होस्ट, म्हणजे सर्व्हरचे पत्ते, देता येतात. २०२१ च्या चौदाव्या आवृत्तीपासून ‘स्टँडबायच (म्हणजे रेप्लिकाच) हवा’ किंवा ‘शक्यतो स्टँडबाय, नसेल तर कोणताही’ असे सांगता येते. २०२३ च्या सोळाव्या आवृत्तीत होस्ट यादृच्छिक क्रमाने निवडण्याची सोय आली. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये २०१२ पासून ॲप्लिकेशन ‘फक्त वाचायचे आहे’ असा हेतू कळवते आणि लिसनर, म्हणजे कनेक्शन्स स्वीकारणारा भाग, त्याला वाचनासाठी ठेवलेल्या प्रतीकडे धाडतो.

लिबपीक्यूची ही वाटणी कनेक्शनची असते, क्वेरींची नव्हे. पूलमधली, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरण्यासाठी राखलेली, कनेक्शन्स तासन्‌तास उघडी राहिली, तर ऐन गर्दीत जोडलेली नवी रेप्लिका रिकामीच बसते. कनेक्शनला आयुर्मर्यादा घातली की ती हळूहळू कामाला लागते.

खरी अडचण मागे पडण्याची, म्हणजे लॅगची. सावद्याच्या शेतकऱ्याने कापणीची नोंद केली आणि लगेच ‘माझ्या नोंदी’ उघडल्या, असे समजा. ते पान मागे पडलेल्या रेप्लिकेवरून आले, तर नोंद दिसणार नाही. तो पुन्हा भरेल आणि एकाच मळ्यावर दोन गाड्या येतील. म्हणून कोणते वाचन थोडे शिळे चालेल हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवायला प्रोग्रॅमरपेक्षा व्यवहार जाणणारा माणूस जवळचा. दिवसाचा भाव दोन सेकंद जुना चालतो. स्वतःची नोंद किंवा शिल्लक रक्कम चालत नाही. लिहिल्यानंतर काही काळ त्या माणसाचे वाचन मुख्य सर्व्हरवरच ठेवणे हा सोपा उपाय. लेखनाच्या वेळची लॉगमधली जागा लक्षात ठेवून रेप्लिका तिथवर पोचेपर्यंत थांबणे अधिक नेमके. बदल रेप्लिकेवर लागू होईपर्यंत कमिट, म्हणजे लेखन पक्के झाल्याची पावती, रोखून धरण्याची सोय पोस्टग्रेस ९.६ पासून आहे, पण त्यात प्रत्येक लेखन मंदावते; भावाच्या ॲपसाठी ती किंमत जड आहे.

लांबलचक अहवालांसाठी वेगळी रेप्लिका ठेवणे बरे. पोस्टग्रेसमध्ये रेप्लिकेवरची क्वेरी येणाऱ्या बदलांच्या आड आली, तर मूळ सेटिंगनुसार बदल जास्तीत जास्त ३० सेकंद खोळंबतात आणि मग क्वेरी रद्द होते.

‘नसेल तर कोणताही’ हा पर्यायही जपून वापरावा. सगळ्या रेप्लिका बंद पडल्या, तर निकालाच्या दिवशीची सारी गर्दी मुख्य सर्व्हरवर कोसळते आणि गुण भरणेही थांबते. त्यापेक्षा वाचणाऱ्यांना ‘थोड्या वेळाने पाहा’ असे सांगून लेखन चालू ठेवणे चांगले.