हनुक्का: दिव्यांचा सण, पण नावात दिवा नाही

डिसेंबर आला की 'ज्यूंची दिवाळी' म्हणून हनुक्काचे फोटो फिरायला लागतात. आठ दिवस रोज एक दिवा वाढवत न्यायचा, म्हणजे दिसायला तसं आहेच म्हणा, पण हनुक्का ह्या हिब्रू शब्दाचा अर्थ समर्पण, एखादी वास्तू देवाच्या कामाला लावणं. इथे ती वास्तू म्हणजे जेरुसलेमचं मंदिर.

झालं असं की इ.स.पू. १६७ च्या सुमारास सिल्युकिड ह्या ग्रीक घराण्याचा राजा चौथा अँटिओकस ह्याने यहुदी धर्म पाळायलाच बंदी केली, बाळाची सुंता केली तरी मरण, आणि वर मंदिरात झ्यूसची पूजा सुरू केली. मोदिइन गावच्या मत्तथिया नावाच्या पुरोहिताने बंड केलं, तो गेल्यावर मुलगा यहुदा मक्काबी पुढे झाला आणि इ.स.पू. १६४ मध्ये मंदिर परत हातात आलं. बाटलेली वेदी पाडली, पण तिचे दगड टाकून द्यायचा धीर कोणाला होईना, म्हणून कोणी संदेष्टा येऊन सांगेल तोवर ते बाजूला ठेवले, नवी वेदी बांधली आणि किसलेव ह्या हिब्रू महिन्याच्या २५ तारखेला पूजा परत सुरू. आणि हो, हे भांडण नुसतं ग्रीकांशी नव्हतं, ग्रीक राहणी आवडलेले यहुदी पण समोर होतेच.

मग एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं ते? ह्या बंडाची हकीकत सांगणारे जे मक्काबींचे ग्रंथ, त्यांतल्या पहिल्या दोन्हींत ते नाहीच. दुसऱ्यात आठ दिवस सुक्कोथसारखे, म्हणजे ज्यूंच्या मांडवांच्या सणासारखे, साजरे केले म्हटलंय, कारण त्याआधीचा सुक्कोथ बिचाऱ्यांचा डोंगर-गुहांत भटकण्यात गेला होता. तेलाचा चमत्कार येतो तो काही शतकांनंतर, बाबिलोनी तलमूद ह्या ज्यू धर्मचर्चेच्या मोठ्या ग्रंथात. मला विचाराल तर तोवर मंदिरही गेलं होतं आणि मक्काबींचं राज्यही, मग तलवारीपेक्षा दिवाच जवळचा वाटला असणार.

साधारण इ.स. २०० च्या मिश्ना ह्या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात तर हनुक्का जेमतेम येतो. त्यातला एक दाखला भारी आहे. जवस लादलेला उंट रस्त्याने जातो, दुकानाबाहेरच्या दिव्याने पेट घेतो, तर भरपाई दुकानदाराने द्यायची. पण रब्बी (म्हणजे ज्यू धर्मगुरू) यहुदा म्हणतात, दिवा हनुक्काचा असेल तर दुकानदार सुटला!

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांकडे मात्र हा सण नव्हताच. त्यांचे जुने सण मराठी नावांनी चालायचे, नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण, त्यात हनुक्का नाही. समाजात ह्याचं कारण असं सांगतात की अलिबागकडच्या नवगावजवळ ज्यांचं जहाज फुटलं ते पूर्वज ह्या सगळ्या घटनेआधीच तिकडून निघाले होते. गंमत म्हणजे हे लोक पूर्वी धंद्याने तेली होते, शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद म्हणून 'शनवार तेली'. पुढे कोचीनच्या आणि मग बगदादी ज्यूंशी संबंध वाढले तसे राहिलेले सण आले, त्यातच हनुक्काही.