अणुकचरा काचेत का विरघळवतात?

काणकोणच्या सीमेला लागून, कारवार तालुक्यात कैगाचा अणुवीज प्रकल्प आहे. २००० साली तिथून वीज मिळू लागली, तेव्हापासून आमच्या भागात एक प्रश्न निघतोच: कचरा जातो कुठे? ‘काचेत भरतात’ असं कुणी सांगितलं की डोळ्यांपुढे लोणच्याची बरणी येते. बरणी फुटली तर? भीती रास्त आहे, चित्र मात्र चुकलेलं.

वापरलेल्या इंधनातून युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतलं की नायट्रिक आम्लातलं जहाल द्रावण उरतं. ते आपल्याच उष्णतेने तापत राहतं. सुरुवातीला ते टाक्यांत साठवत. २९ सप्टेंबर १९५७ रोजी सोव्हिएत संघातल्या मायाक अणुकेंद्रात थंड ठेवण्याची यंत्रणा बिघडलेली अशी एक टाकी फुटली आणि सरकारने ते कित्येक वर्षं दडवलं.

त्याच सुमारास कॅनडात चॉक रिव्हरच्या अणुसंशोधन केंद्रात वेगळाच प्रयोग झाला. कचरा मिसळलेल्या काचेचे ठोकळे कोणत्याही डब्याविना भूजलाच्या पातळीखाली पुरले आणि किती किरणोत्सार बाहेर येतो ते मोजलं. फारच थोडा आला.

कारण काच ही बरणी नव्हेच. आंब्याचं साठ तुटलं तरी त्यातली साखर सांडत नाही, तसे कचऱ्यातल्या सीझियम, स्ट्रॉन्शियम या किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू काचेच्या घडणीतच बसतात. साठ पाण्यात विरघळतं. चांगली काच मात्र पाण्याला अतिशय हळू दाद देते. काचेत बोरॉन हे मूलद्रव्य घातलं की ती साधारण हजार अंशांवर वितळते आणि सीझियम वाफ होऊन कमी उडून जातं.

फ्रान्सने १९७८ मध्ये मार्कूलला, भारताने १९८५ मध्ये तारापूरला कचरा काचेत विरघळवण्याचा कारखाना सुरू केला. ट्रॉम्बेच्या कचऱ्याने मात्र अडवलं. त्यात सल्फेट, म्हणजे गंधकाचा क्षार, होतं. नेहमीच्या काचेत ते मुरेना. वर पिवळा थर धरी, आणि तो थर पाण्यात विरघळणारा! म्हणजे सगळी मेहनत वाया. भाभा अणुसंशोधन केंद्राने सोडियमच्या काचेऐवजी बेरियमची बोरोसिलिकेट (बोरॉन घातलेली) काच घडवली, तेव्हा सल्फेट सामावलं. या साऱ्या इतिहासातला हा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

ओतलेल्या काचेचे पोलादी डबे तारापूरला हवेच्या नैसर्गिक प्रवाहावर थंड राहतात. सीझियम दर तीस वर्षांनी निम्मं होतं, त्यामुळे ऐंशीच्या दशकात ओतलेल्या काचेतलं निम्म्याहून अधिक आज संपलेलं आहे. प्लुटोनियमचे राहिलेले अंश हजारो वर्षं टिकतील. त्यांच्यासाठी खोल खडकातली कायमची जागा भारतात अजून झालेली नाही.