सरकार आणि राज्यसंस्था: गल्लत कुठे होते?

मुंबई महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक होता. लोकांनी निवडून दिलेलं कोणीच नव्हतं. तरी पाण्याची बिलं येत राहिली, तोडकामाच्या नोटिसा लागत राहिल्या. खुर्चीवर कोण, हा सरकारचा प्रश्न. खुर्ची रिकामी असतानाही जे चालूच राहतं, ती राज्यसंस्था.

बातम्या सरकारच्या असतात. मानववंशशास्त्रज्ञ राज्यसंस्थेकडे बघतात, आणि तीही मंत्रालयापेक्षा कचेरीच्या खिडकीपाशी, नळापाशी. फोर्टिस आणि इव्हान्स-प्रिचर्ड यांनी 1940 मध्येच दाखवलं होतं की तेव्हाच्या सुदानमधल्या (आता दक्षिण सुदान) नुएर लोकांत राजा नव्हता, कचेरी नव्हती, तरी समाज विस्कटला नव्हता. भावकीची नाती त्याला सांभाळत होती. मग जिथे राज्यसंस्था आहे, तिथे ती माणसाला नेमकी भेटते कुठे?

मुंबईत ती चावीवाल्याच्या रूपात भेटते. रस्त्यातलं झाकण उघडून तो व्हॉल्व्ह फिरवतो, तेव्हा गल्लीत पाणी येतं. किती वेळ आणि किती दाबाने, यासाठी लोक इंजिनीअरला गाठतात, नगरसेवकाकडे जातात, मोर्चा काढतात. मानववंशशास्त्रज्ञ निखिल आनंद यांनी 2017 च्या पुस्तकात याच धडपडीतून शहरातलं नागरिकत्व कसं घडतं, ते मांडलंय. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो, कारण तो मतदानाच्या दिवसापाशी थांबत नाही.

दुसरी जागा म्हणजे परिशिष्ट-2. झोपडपट्टी पुनर्वसनातली ही पात्रतेची यादी. मोफत घर हवं तर झोपडी 1 जानेवारी 2000 पूर्वीची असल्याचा पुरावा लागतो. जुनं वीजबिल, मतदार यादीचा उतारा, रेशनकार्ड असं सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं असतं. एका कागदावर आडनाव वेगळं पडलं की नावापुढे ‘अपात्र’ लागतं. मुख्यमंत्री बदलला म्हणून तो शेरा पुसला जात नाही.

पण म्हणून राज्यसंस्था म्हणजे एकसंध यंत्र, असंही नाही. समाजशास्त्रज्ञ फिलिप एब्रम्स यांच्या मते कचेऱ्यांचा पसारा खरा. त्यामागे एकच सत्ता आहे, ही मात्र आपल्या मनातली कल्पना. वस्तीतल्या माणसाला हे कुठलंही पुस्तक न वाचताच ठाऊक असतं. नोटीस आली की तो आधी विचारतो: जमीन कोणाची? कलेक्टरची, पालिकेची, म्हाडाची की रेल्वेची? पुढची कचेरी त्यावरून ठरते.