‘ह्युपेरेतेओ’ आणि तळमजल्यावरचा गुलाम

प्राचीन ग्रीकमधील ‘ह्युपेरेतेओ’ या क्रियापदाचा अर्थ ‘जहाजाच्या सर्वांत खालच्या रांगेत साखळदंडाने बांधलेल्या गुलामाप्रमाणे वल्ही मारणे’ असा आहे, असे ख्रिस्ती प्रवचनांतून वर्षानुवर्षे सांगितले जाते. चित्र हृदयस्पर्शी आहे, पण ते खरे नाही.

‘ह्युपो’ म्हणजे खाली आणि ‘एरेतेस’ म्हणजे वल्हेकरी, ही फोड बरोबर आहे. मात्र या दोहोंपासून आधी ‘ह्युपेरेतेस’ (सेवक, मदतनीस) हे नाम झाले आणि त्या नामावरून क्रियापद बनले. इथे ‘ह्युपो’चा रोख खालच्या बाकाकडे नसून दुसऱ्याच्या आज्ञेखाली असण्याकडे आहे, असे मानणेच सयुक्तिक ठरते. अथेन्सच्या तीन रांगांच्या युद्धनौकेवर 170 वल्हेकरी असत. त्यांपैकी तळाच्या 54 जणांना ‘थालामिओस’ हे वेगळे नाव होते, आणि हे वल्हेकरी बहुतांशी स्वतंत्र, पगारी लोक असत. उलट, ‘ह्युपेरेसिया’ हा शब्द त्याच नौकेवरील सुकाणूधारकासारख्या जाणकारांच्या गटासाठी वापरला जाई.

अभिजात ग्रीकमध्ये या क्रियापदाचा रूढ अर्थ ‘सेवा करणे, साहाय्य करणे’ एवढाच आहे. बायबलच्या नव्या करारातही, ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात (20:34), ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल आपले हात पुढे करून म्हणतो की, याच हातांनी माझ्या व माझ्या सोबत्यांच्या गरजा भागवल्या. तिथे हेच क्रियापद आहे, आणि तिथे नौका नाही, वल्हे नाही. ‘तेल’ हा शब्द तिळावरून आला, म्हणून खोबरेल तेलात आपण तीळ शोधत नाही.