विद्यापीठातलं वायफाय: पॅसेज की खोली, या वादाची पार्श्वभूमी

मोबाइलवर रेंज पूर्ण दिसते आणि रात्री दहानंतर साधा व्हिडिओही पुढे सरकत नाही. विद्यापीठांच्या वसतिगृहांतली ही तक्रार जुनी आहे. दर वेळी खापर फुटतं ते उपकरण बनवणाऱ्या कंपनीवर, आणि पुढच्या निविदेत दुसरी कंपनी येते. या गोंधळाचं मूळ बऱ्याचदा खरेदीच्या आधीच्या एका निर्णयात असतं: ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचा सिग्नल देणारी उपकरणं, पॅसेजमध्ये लावायचे की खोल्यांमध्ये.

बिनतारी जाळं विद्यापीठांतच वाढलं. १९७१ मध्ये हवाई बेटांवरच्या विद्यापीठानं रेडिओवरून संगणक जोडले. १९८५ मध्ये अमेरिकेनं काही लहरी विनापरवाना खुल्या केल्या आणि १९९० च्या दशकात पिट्सबर्गच्या एका विद्यापीठानं संशोधनासाठी आवारात बिनतारी जाळं उभारलं. वायफायचं ८०२.११ हे मानक १९९७ चं, वेग सेकंदाला जेमतेम २ मेगाबिट. १९९९ मध्ये तो ११ वर गेला. २००१ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या एका कॉलेजानं दीडशेहून जास्त इमारतींत मिळून पावणेपाचशेच्या आसपास ॲक्सेस पॉइंट लावले आणि वापराची मोजणी केली. सगळ्यांत जास्त वापर वर्गांत किंवा ग्रंथालयात नव्हता, तो विद्यार्थी राहतात त्या इमारतींत होता. आपल्याकडच्या आराखड्यांत मात्र वसतिगृह पुढेही कितीतरी वर्षं यादीच्या तळाशीच राहिलं.

भारतात वायफायच्या लहरींचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा इमारतीबाहेरही परवान्याशिवाय वापरायची मुभा जानेवारी २००५ च्या अधिसूचनेनं मिळाली. ५ गिगाहर्ट्झचे काही पट्टे त्याच वेळी खुले झाले, तेही मुख्यतः इमारतीच्या आतल्या वापरापुरते. म्हणून आपल्या विद्यापीठांची पहिली जाळी २.४ च्या भरवशावर उभी राहिली. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे पट्ट्याचे वापरण्याजोगे तुकडे, तीनच, १, ६ आणि ११. तेव्हा लॅपटॉप मोजक्यांकडे होते, त्यामुळे निभावलं. २०१० मध्ये राष्ट्रीय पातळीवरचं फायबरचं ज्ञानजाळं मंजूर झालं आणि मोठ्या संस्थांच्या दारापर्यंत गिगाबिटची जोडणी येऊ लागली. त्याच दशकात प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन आला. दारापर्यंत आलेली बँडविड्थ खोलीपर्यंत न्यायची कशी, हा प्रश्न तेव्हा खऱ्या अर्थानं उभा राहिला.

पॅसेजच्या बाजूनं बोलणाऱ्यांचे मुद्दे पोकळ नव्हते. पॅसेजमध्ये केबल टाकणं सोपं. दुरुस्तीसाठी कुणाच्या खोलीचं कुलूप उघडावं लागत नाही. उपकरण छताला असल्यानं चोरी आणि मोडतोड कमी. शिवाय समजा एका मजल्यावर २४ खोल्या आहेत, तर पॅसेजमध्ये ३ ॲक्सेस पॉइंटवर काम भागतं. दोन खोल्यांना एक धरला तर १२ लागतात, म्हणजे केबल चौपट आणि या केबल जिथे येऊन जुळतात त्या स्विचची पोर्टंही चौपट. वित्त विभागासमोर हा हिशेब ठेवला की चर्चा तिथेच संपायची.

हा हिशेब क्षेत्रफळाचा आहे, माणसांचा नाही. एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, बाकीच्यांनी थांबायचं. ज्याचा सिग्नल दुबळा, ते उपकरण सावकाश बोलतं आणि तेवढा वेळ सगळ्यांचाच जातो. मोकळ्या पॅसेजमध्ये तिन्ही ॲक्सेस पॉइंट एकमेकांना स्वच्छ ऐकतात, म्हणून दोघांचा चॅनेल एकच झाला की एकमेकांसाठी थांबत बसतात. खोलीतल्या मुलापर्यंत मात्र नऊ इंची विटांची भिंत आणि तिला टेकवलेलं लोखंडी कपाट ओलांडून पोचावं लागतं. जुन्या दगडी इमारतींत, कोकण-गोव्याकडच्या जांभ्याच्या भिंतींत तर स्थिती आणखी वाईट. तिघांची खोली धरली तर ७२ मुलं, प्रत्येकाकडे फोन आणि लॅपटॉप, म्हणजे १४४ उपकरणं तीन पॉइंटवर. माहितीपत्रकात ‘५१२ वापरकर्ते’ असं छापलेलं असतं, पण तो नोंद होऊ शकणाऱ्या उपकरणांचा आकडा आहे. एकाच वेळी सुखानं काम करू शकणाऱ्यांचा आकडा त्याच्या कितीतरी खाली असतो.

याच सुमारास संस्थांच्या मूल्यांकनात वायफायची नोंद द्यावी लागू लागली. ‘संपूर्ण परिसर वायफाययुक्त’ हे वाक्य लिहिता आलं की पुरे, अशी वृत्ती त्यातून बळावली. सिग्नल कुठे किती पोचतो हे तपासणारा साइट सर्व्हे म्हणजे पुरवठादाराच्या माणसानं रिकाम्या इमारतीतून सुट्टीच्या दिवशी मारलेली फेरी. खरं तर कपाटं भरलेली, दारं लावलेली आणि मुलं हजर असताना, सगळ्यांत कमजोर फोन हातात घेऊन ५ गिगाहर्ट्झवर उणे ६७ डीबीएम इतका तरी सिग्नल मिळतो का, हे पाहायला हवं.

पुढच्या घडामोडींनी पॅसेजची बाजू अधिकच दुबळी केली. वायफायची ‘८०२.११एसी’ ही पिढी २०१३ ची, आणि ती फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालते. या लहरी भिंतीत जास्त अडतात. अनेक ठिकाणी जुने पॉइंट काढून त्याच खिळ्यांवर नवे टांगले गेले, आणि महागडं उपकरण येऊनही कोपऱ्यातल्या खोल्यांत अवस्था बिघडली. ऑक्टोबर २०१८ मध्ये भारतानं ५ गिगाहर्ट्झमधला एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा आत-बाहेर दोन्हीकडे खुला केला. चॅनेल भरपूर मिळाल्यावर जवळजवळ लावलेल्या, कमी शक्तीच्या पॉइंटांची आखणी शक्य झाली. भिंतीतल्या नेटवर्कच्या डबीवर बसणारे छोटे ॲक्सेस पॉइंटही आतापर्यंत बाजारात रुळले होते. चोरीचा आणि केबलचा मुद्दा त्यांनी बराचसा निकालात काढला, कारण खोलीत जुनी लॅन केबल असेल तर तीच वापरता येते. २०१६ च्या मानकामुळे जुन्या कॅट ५ई केबलवरही अडीच गिगाबिट धावतं.

विजेचा हिशेब मात्र अजूनही निविदेत मागे पडतो. ॲक्सेस पॉइंटला वीज नेटवर्कच्या केबलमधूनच मिळते: २००३ च्या मानकानुसार स्विच त्यातून १५.४ वॅट देतो, २००९ च्या मानकानुसार ३०. आजच्या मोठ्या पॉइंटना बहुतेक वेळा ३० लागतात, नाहीतर ते काही रेडिओ बंद ठेवून चालतात. एका इमारतीतून दुसरीत तांब्याची केबल ओढली असेल तर वळवाच्या विजेनं स्विच जळतात, तिथे फायबरच हवं.

मे २०२५ मध्ये भारतानं ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या खालच्या ५०० मेगाहर्ट्झसाठी मसुदा नियम काढले. त्यात कमी शक्तीच्या आतल्या वापराला आणि अगदी कमी शक्तीच्या बाहेरच्या वापराला परवान्यातून सूट प्रस्तावित होती. या पट्ट्यात १६० मेगाहर्ट्झचे तीन चॅनेल बसतात, पण कमी शक्तीच्या या लहरी विटांच्या भिंतीपलीकडे फार टिकत नाहीत. वायफाय ७ या नव्या पिढीचे तीन पट्ट्यांचे (२.४, ५ आणि ६ गिगाहर्ट्झ) पॉइंट मागवून ते पॅसेजमध्ये लावणारी विद्यापीठं तिसऱ्या पट्ट्याचे पैसे मोजतील आणि त्याचा उपयोग पॅसेजपुरताच होईल.