दंतक्षय

दातांवर साचलेल्या थरातील जिवाणू अन्नातील शर्करेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात दाताची खनिजे विरघळून त्याच्या कठीण ऊतींचा हळूहळू नाश होतो, या विकारास दंतक्षय म्हणतात. व्यवहारात याला दात किडणे म्हणतात. दिसणारा खड्डा ही या विकाराची बरीच पुढची अवस्था होय.

दाताचे बाह्य आवरण असलेले दंतवल्क, म्हणजेच एनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजमय असते. हे खनिज कॅल्शियम व फॉस्फेट यांचे बनलेले स्फटिकरूप हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट होय. दाताच्या पृष्ठभागावरील पीएच (आम्लतेचे माप; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) सुमारे ५.५ च्या खाली गेला की ते विरघळू लागते. लाळेतील बायकार्बोनेटामुळे आम्ल निष्प्रभ झाले की लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट पुन्हा दातात बसू लागतात. ही देवघेव दिवसभर चालू असते आणि तिचा ताळेबंद दीर्घकाळ तुटीचा राहिला तरच क्षय होतो. पहिली खूण म्हणून खडूसारखा निस्तेज पांढरा डाग दिसतो. या वेळी वरचा पातळ थर बहुधा शाबूत असून झीज त्याच्या खाली झालेली असते, त्यामुळे या टप्प्यावर क्षय थांबू शकतो व काही अंशी भरूनही निघतो. वरचा थर कोसळल्यावर मात्र भरून निघण्याची शक्यता संपते. दंतवल्काखालील दंतिनात खनिजांचे प्रमाण कमी व सूक्ष्म नलिका असंख्य असल्याने तेथे क्षय वेगाने पसरतो. ठणका बहुधा याच सुमारास सुरू होतो. पुढे दाताच्या गाभ्यातील मज्जेचा दाह होऊन मुळाशी पू साचतो.

क्षयाच्या कारणाविषयीचा वाद फार जुना आहे. दातात शिरलेला कृमी दात पोखरतो ही कल्पना अनेक संस्कृतींत आढळते. तिचा मेसोपोटेमियातील उल्लेख इ. स. पू. ५००० चा असल्याचे पुष्कळ ठिकाणी छापले जाते, परंतु त्या काळी लेखनकलाच अस्तित्वात नसल्याने हा काळ ग्राह्य धरता येत नाही. दंतकृमीचा सुप्रसिद्ध मंत्र असलेली मृत्तिका-पाटी नवबॅबिलोनियन काळातील आहे. मूळ मंत्र तिच्याहून बराच जुना असावा. सुश्रुतसंहितेत दंतरोगांमध्ये ‘कृमिदंतक’ येतो. दात काळा पडणे, त्याला छिद्र होणे, तो हलणे, त्यातून स्राव होणे आणि उघड कारणाशिवाय तीव्र वेदना होणे ही त्याची लक्षणे सांगून त्याचा संबंध वातदोषाशी जोडला आहे. या ग्रंथाचा काळ वादग्रस्त असून उपलब्ध संहितेवर नंतरचे संस्कार झाले आहेत, असेच बहुतेक अभ्यासक मानतात. किडलेल्या दाढेला भुईरिंगणीच्या बियांची धुरी देण्याचा घरगुती उपाय याच कृमिकल्पनेशी जुळणारा आहे. फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार याने १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मात्र असे कृमी आपणास आढळले नाहीत, असे नमूद केले.

आधुनिक उपपत्तीचा पाया बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० मध्ये घातला. त्याच्या मते तोंडातील एकच विशिष्ट नव्हे, तर आम्ल तयार करणारे अनेक जिवाणू क्षयास कारण होतात. १९२४ मध्ये किलियन क्लार्क याने किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जिवाणू वेगळा काढला आणि विशिष्ट जिवाणूचा पक्ष पुढे आला. निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांना शर्करायुक्त आहार देऊनही क्षय होत नाही, असे ऑरलँड व सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये दाखवले. यावरून जिवाणूंची आवश्यकता सिद्ध झाली, पण कोणते जिवाणू हा प्रश्न उरलाच. म्यूटन्स विपुल असूनही क्षय नसणारी आणि तो अत्यल्प असूनही क्षय होणारी माणसे आढळत असल्याने फिलिप मार्श याने १९९० च्या दशकात मांडलेली परिस्थितिकीय उपपत्ती अधिक समाधानकारक वाटते. वारंवारच्या आम्लतेमुळे थरातील आम्लसहिष्णू जातींचे प्राबल्य वाढते व त्या आम्लता आणखी वाढवतात, असा तिचा आशय आहे.

शर्करेच्या एकूण प्रमाणाला महत्त्व आहेच, तथापि ती किती वेळा व किती चिकट रूपात खाल्ली जाते यावर पुष्कळ अवलंबून असते. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच पीएच घसरतो आणि पूर्ववत होण्यास साधारण अर्धा ते एक तास लागतो, हे रॉबर्ट स्टीफन याच्या १९४० च्या दशकातील मोजमापांवरून दिसून आले. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील रुग्णालयात त्याच दशकात सुरू झालेल्या प्रयोगात दोन जेवणांच्या मधल्या वेळी दिलेल्या चिकट टॉफीने क्षय सर्वाधिक वाढला. तेथील मतिमंद रुग्णांवर केलेला हा प्रयोग नैतिकदृष्ट्या निंद्य ठरला आहे. त्याचे निष्कर्ष मात्र आजही आधारभूत मानले जातात. नागपुरात टपरीवर दिवसातून अनेकदा घेतला जाणारा गोड चहा किंवा येता-जाता तोंडात टाकलेली संत्राबर्फी यांचा विचार याच निकषावर करावा लागतो. संत्र्याच्या आम्लाने दंतवल्काची होणारी झीज ही जिवाणूंवाचून घडते, म्हणून ती दंतक्षयात मोडत नाही.

झोपेत लाळ अत्यल्प स्रवत असल्याने रात्री तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपणाऱ्या बाळांचे वरचे पुढचे दात प्रथम किडतात. खालचे पुढचे दात जिभेच्या व लाळेच्या आश्रयाने बहुधा बचावतात.

फ्लोराइडामुळे खनिजांची पुनर्भरण-क्रिया वाढते व स्फटिक आम्लाला सहजी दाद देत नाहीत. फ्लोराइड अधिक झाल्यास मात्र दात वाढीच्या वयातच डागाळतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरमागे १ मिलिग्रॅम ही इष्ट आणि अन्य स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. नागपूर शहराला मुख्यतः पेंच व कन्हान यांचे पाणी मिळते, तर विदर्भात चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइड मर्यादेपलीकडे आढळते. तेथील तपकिरी डागांचे दात कीड समजून दाखवले जातात. वास्तविक तो फ्लोरोसिस होय. तुरटी व चुना वापरून असे पाणी शुद्ध करण्याची नलगोंडा पद्धती नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केली.

सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेल्या खर्ऱ्याचा क्षयाशी असलेला संबंध सरळ नाही. सुपारी चघळणाऱ्या काही समाजांत क्षय कमी आढळल्याच्या नोंदी असून चुन्याची अल्कधर्मिता आणि चर्वणाने सपाट झालेल्या खाचा ही त्याची संभाव्य कारणे सांगितली जातात. यावरून खर्रा दातांना हितकर ठरत नाही. हिरड्या मागे सरून उघडी पडलेली मुळे दंतवल्कापेक्षा कमी आम्लतेतही झिजतात आणि सुपारीमुळे तोंड उघडणे आखडलेल्या व्यक्तीचा ब्रश मागच्या दाढांपर्यंत पोहोचत नाही. मुखकर्करोगावर किरणोपचार घेतलेल्यांच्या लाळग्रंथी निकामी झाल्यास काही महिन्यांतच बहुतेक दात हिरडीलगत किडू शकतात. अशा रुग्णांना किरणोपचारापूर्वी दंततपासणी व नंतर नियमित फ्लोराइडलेपन सुचवले जाते.